मिस्टर आणि हॉलमधला टीव्ही : प्रकल्प नोंदी

18 ऑक्टोबर 2025

टेबलावर आहे ते असं: टेरासिकचा डीई10-नॅनो बोर्ड, त्यावर इंटेलची सायक्लोन व्ही एफपीजीए (आतल्या जोडण्या हव्या तशा बदलता येणारी चिप), 128 एमबीची एसडीरॅम ही मेमरी, ॲनलॉग आयओ बोर्ड, यूएसबी हब, एक कीबोर्ड, दोन पॅड. यावर मिस्टर चालतं, म्हणजे जुनी खेळाची यंत्रं या चिपमध्ये पुन्हा उभी करणारी प्रणाली. प्रत्येक जुन्या यंत्राची एक वेगळी 'कोअर' फाइल असते. ती लोड झाली की एफपीजीएच्या आतल्या जोडण्या त्या यंत्रासारख्या मांडल्या जातात. सॉफ्टवेअर एकामागून एक सूचना चालवत जुन्या यंत्राची नक्कल करतं, तसं इथे नाही. प्रोसेसर, चित्राची चिप, आवाजाची चिप, सगळं एकाच वेळी आपापल्या ठोक्यावर चालतं. हा ठोकाच पुढच्या सगळ्या डोकेदुखीचं मूळ असणार, असा अंदाज आत्ताच लिहून ठेवते.

तक्रार: हॉलमधल्या 4के टीव्हीवर मेन्यू स्वच्छ दिसतो. सुपर निन्टेंडोची कोअर लावली की पडदा काळा, थोड्या वेळानं चित्र, खेळ सुरू, आणि काही खेळांत मधेच पुन्हा काळा. निओ जिओला तर चित्रच नाही, नुसती 'सिग्नल नाही'ची पाटी. माझ्या कामाच्या मॉनिटरवर यातलं काही होत नाही.

मेन्यू दिसतो, म्हणजे केबल, टीव्हीचं पोर्ट आणि बोर्डावरची एडीव्ही7513 ही एचडीएमआय चिप तिन्ही ठीक. कोअर सुरू झाल्यावर जे बदलतं त्यातच शोधायचं.

क्रम ठरवला: फर्मवेअर, वीज, सेटिंगची फाइल, शेवटी टीव्ही. एका वेळी एकच बदल. टीव्हीचं आपोआप अपडेट होणं बंद करून ठेवलं, नाहीतर मी बोर्डावर काम करत असताना रात्री पलीकडचं सॉफ्टवेअर बदलायचं.

19 ऑक्टोबर

फर्मवेअर म्हणताना मिस्टरमध्ये निदान चार गोष्टी येतात आणि त्या वेगवेगळ्या वयाच्या असू शकतात. कार्डाच्या मुळाशी असलेली 'मिस्टर' ही मुख्य फाइल, तिच्याच शेजारी मेन्यूची कोअर, लिनक्सची इमेज, आणि मग प्रत्येक यंत्राची कोअर, जिच्या नावातच तिची तारीख असते. माझ्या कार्डावर काही कोअर ताज्या होत्या आणि मुख्य फाइल जुनी. कोअर तिच्यापेक्षा फार नवी असेल तर मेन्यूतले काही पर्याय गायब होतात किंवा भलतेच दिसतात.

आधी कार्डाची पूर्ण प्रत लॅपटॉपवर घेतली. मग लॅनची केबल लावून अपडेटची स्क्रिप्ट चालवली. बोर्डावर घड्याळाची बॅटरी नाही, त्यामुळे इंटरनेट नसताना त्याला तारीखही कळत नाही. वायफायच्या भानगडीत न पडता राउटरशेजारी बसून काम उरकलं.

एक गोष्ट ठळक लिहून ठेवण्यासारखी: अपडेट तुमच्या मिस्टर-आयएनआय या सेटिंगच्या फाइलला हात लावत नाही. नमुन्याची नवी फाइल शेजारी ठेवते, एवढंच. फर्मवेअर नवं पण सेटिंग तीन वर्षांपूर्वीची, असं सहज होतं. दोन्ही फाइल शेजारीशेजारी उघडून ओळ-ओळ ताडून पाहिल्या. माझ्या फाइलमध्ये बदलत्या रिफ्रेशच्या, म्हणजे व्हीआरआरच्या, ओळी नव्हत्याच. नवी फाइल घेतली आणि माझे जुने आकडे तिच्यात हातानं भरले.

निकाल: मेन्यूतले पर्याय जागेवर आले. टीव्हीची तक्रार जशीच्या तशी.

21 ऑक्टोबर

लक्ष्मीपूजन असल्यानं तासभरच मिळाला. तेवढ्यात विजेचं बघून घेतलं.

पडदा काळा होण्याचे इथे दोन प्रकार मिसळलेले आहेत. काळा होऊन परत आला आणि खेळ पुढे गेलेला असेल, तर टीव्हीनं सिग्नलची पकड सोडली होती. परत आला तो थेट मेन्यूवर, तर बोर्डच पुन्हा सुरू झालाय आणि ते काम विजेचं. दुसरा प्रकार क्वचितच होत होता, पण होत होता. मीटर लावला: एरवी 5 व्होल्टच्या आसपास, दोन्ही पॅड एकदम थरथरले की 4.6 च्या खाली. हबसोबत आलेला अडॅप्टर काढून 5 व्होल्ट 4 अँपिअरचा लावला. मेन्यूवर परत येणं थांबलं. पहिला प्रकार अर्थातच तसाच.

22 ऑक्टोबर

आज फक्त आकडेमोड. खरं म्हणजे हीच पहिल्या दिवशी करायला हवी असते, पण वीज आणि फर्मवेअर बाजूला काढल्याशिवाय आकड्यांवर विश्वास बसत नाही.

टीव्हीचा 1080पी सिग्नल सेकंदाला 60 वेळा ताजा होतो. जुनी यंत्रं 60 ला बांधलेली नव्हती. ट्यूबच्या टीव्हीला थोडं इकडेतिकडे चालायचं, म्हणून हाताशी जो क्रिस्टल होता त्याला भागून जो आकडा येईल तो घेतला जायचा. सुपर निन्टेंडो आणि एनईएस (अमेरिका-जपानची): 60.0988. मेगा ड्राइव्ह: 59.92. गेम बॉय: 59.73. निओ जिओचं आर्केड रूप: 59.186. आर्केडमध्ये तर कहरच. पॅक-मॅन 60.606, आर-टाइप 55.02, मॉर्टल कॉम्बॅट 54.7.

या आकड्यांचं काय करायचं हे मिस्टरमध्ये 'व्हीसिंक ॲडजस्ट' ही एक ओळ ठरवते. 0 ठेवलं तर टीव्हीला काटेकोर 60 जातं आणि फरक फ्रेम गाळून किंवा दुसऱ्यांदा दाखवून भरून काढला जातो. 1 ठेवलं तर कोअरचा ठोका जसाच्या तसा टीव्हीला जातो, मधे बफर ठेवून, म्हणजे फ्रेम थोडा वेळ साठवून. 2 म्हणजे तोच ठोका पण जवळजवळ बफर न ठेवता, सगळ्यात कमी उशीर. माझ्या फाइलमध्ये सगळीकडे 2 होतं. मॉनिटरसाठी कधीतरी लिहिलेलं, आणि तिथे ते योग्यच आहे.

आता टीव्हीच्या बाजूनं. 1080पी 60 साठी पिक्सेल क्लॉक, म्हणजे सेकंदाला पाठवायचे पिक्सेल, 148.5 मेगाहर्ट्झ: न दिसणाऱ्या कडा धरून आडवे 2200, उभे 1125, गुणिले 60. सीटीए-861 या मानकात त्याला अर्ध्या टक्क्याची सूट आहे, वर किंवा खाली. यात प्रत्येक यंत्र बसवून बघितलं. सुपर निन्टेंडो 0.16 टक्के वर, बसतं. मेगा ड्राइव्ह 0.13 टक्के खाली, बसतं. गेम बॉय 0.45 टक्के खाली, अगदी काठावर बसतं. निओ जिओ 1.36 टक्के खाली, बाहेर. पॅक-मॅन एक टक्का वर, तोही बाहेर. आर-टाइप आणि मॉर्टल कॉम्बॅटचं तर विचारायलाच नको.

म्हणजे निओ जिओला टीव्ही 'सिग्नल नाही' म्हणतो ते नियमाला धरूनच. मॉनिटर सहन करतो, हा त्याचा मोठेपणा.

मग सुपर निन्टेंडो मधेच का जातं? ते तर मर्यादेत आहे. ज्या खेळांत ते होतं त्यांची यादी काढली, तर त्यातला आर.पी.एम. रेसिंग हा खेळ इंटरलेस चित्र, म्हणजे एका फेरीत एकाआड एक ओळी काढणारं चित्र, वापरतो हे मला आधीपासून माहीत होतं. एरवी यंत्र एका फ्रेमला 262 ओळी काढतं, इंटरलेसमध्ये 262.5. त्या अर्ध्या ओळीमुळे ठोका 60.0988 वरून 59.98 वर येतो. दोन्ही आकडे टीव्हीला चालणारे, पण एकातून दुसऱ्यात उडी मारली की तो पकड सोडतो, पडदा काळा करतो आणि पहिल्यापासून सिग्नल जुळवायला बसतो. ट्यूबच्या टीव्हीत तेवढ्यापुरता चित्राला एक हिसका बसला असता, इतकंच.

ताडून पाहिलं. फक्त व्हीसिंक ॲडजस्ट 0 केलं, बाकी काही नाही. सुपर निन्टेंडो इंटरलेसमध्ये जाताना पडदा ढिम्म हलला नाही. निओ जिओही पहिल्यांदाच टीव्हीवर आलं.

किंमत काय मोजली तेही लिहायला हवं. सुपर निन्टेंडोमध्ये सेकंदाला जवळपास दशांश फ्रेम जास्तीची, म्हणजे साधारण दहा सेकंदांनी एक फ्रेम गाळली जाते. पार्श्वभूमी सलग सरकत असेल आणि तुम्ही त्याच क्षणाची वाट बघत बसलात तरच दिसते. निओ जिओमध्ये सव्वा सेकंदाला एक फ्रेम दुसऱ्यांदा दाखवली जाते, ती जाणवते. आर-टाइपमध्ये सेकंदाला पाच, आणि त्याचा सगळा खेळच सरकत्या पार्श्वभूमीवर. ते टीव्हीवर नको.

23 ऑक्टोबर

भाऊबीज. धाकटा भाऊ आला होता. जेवणानंतर त्याच्या हातात पॅड दिला आणि एनईएस कोअरवर मारिओ लावून दिला. पहिल्या खड्ड्यातच पडला.

"ताई, हा फार पळतोय गं. आपला मारिओ एवढा पळत नव्हता."

मी आधी हसले, मग थांबले. तो बरोबर बोलत होता.

नव्वदच्या दशकात आपल्याकडे घरोघरी 'व्हिडिओ गेम' म्हणून जे आले ते बहुतेक निन्टेंडोच्या फॅमिकॉमच्या नकला होत्या. आपला टीव्ही पाल पद्धतीचा, 50 हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला 50 वेळा ताजा होणारा. पाल टीव्हीसाठीच्या नकलांमध्ये तैवानच्या यूएमसी कंपनीची चिप-जोडी असायची. तशीच यंत्रं रशियात 'डेंडी' नावानं विकली गेली, म्हणून मिस्टरच्या एनईएस कोअरमध्ये 'सिस्टिम टाइप'खाली एनटीएससी (अमेरिका-जपानची टीव्ही पद्धत), पाल आणि तिसरा पर्याय डेंडी असा आहे. हा तिसरा पर्याय मी आजवर रशियन लोकांचा म्हणून सोडून दिला होता.

ही नक्कल हुशारीनं केलेली आहे. निन्टेंडोच्या अधिकृत पाल यंत्रात प्रोसेसर 1.66 मेगाहर्ट्झवर उतरवला होता आणि चित्राच्या चिपशी त्याचं गुणोत्तरही बदललं होतं, त्यामुळे जपानी कॅसेटमधले ओळीगणिक वेळ साधणारे खेळ तिथे बिघडायचे. डेंडीत प्रोसेसर 1.773 मेगाहर्ट्झ, मूळच्या 1.790 च्या अगदी जवळ, आणि चित्राच्या चिपशी गुणोत्तर मूळचंच, एकास तीन. ओळी मात्र 262 ऐवजी 312. वाढलेल्या 50 ओळी चित्र संपल्यानंतर पण खेळाला 'फ्रेम झाली' असा इशारा मिळायच्या आधी घातल्या. खेळाला वाटतं आपण आपल्याच यंत्रावर आहोत, फक्त फ्रेम जरा उशिरा येतात.

परिणाम असा की सुरांची पट्टी एक टक्कासुद्धा उतरत नाही, पण लय 17 टक्के संथ होते, कारण या खेळांचं संगीत फ्रेमच्या ठोक्यावर पुढे सरकतं. अधिकृत पाल यंत्रात पट्टीच अर्ध्या सुराहून जास्त खाली जाते.

डेंडी लावलं. भावानं पहिली पातळी न बघता खेळल्यासारखी पार केली. "हां, हा आपला." मग आई पण येऊन बसली आणि पुढचा तास नोंदीचं काही काम झालं नाही.

टीव्हीवर डेंडी 60 मध्ये कोंबलं तर दर पाचवी फ्रेम दोनदा दिसते, चालण्यात झटके येतात. इथे आपल्या टीव्हीचा फायदा आहे: तो 1080पी 50 घेतो. अमेरिकेत विकले जाणारे बरेच टीव्ही घेत नाहीत. पिक्सेल क्लॉक तोच 148.5 मेगाहर्ट्झ, फक्त आडवे पिक्सेल 2200 ऐवजी 2640. डेंडीचा ठोका 50.007, मानकापासून 0.014 टक्क्यावर. माझ्याकडच्या सगळ्या यंत्रांत टीव्हीला सगळ्यात सोपं जाणारं हेच निघालं.

26 ऑक्टोबर

हॉलच्या टीव्हीसाठी सेटिंगची फाइल पक्की केली. वरच्या सर्वसाधारण भागात व्हिडिओ मोड 8, म्हणजे 1080पी 60, आणि व्हीसिंक ॲडजस्ट 0. मोड रिकामा ठेवला तर मिस्टर टीव्हीच्या ईडीआयडीवरून, म्हणजे टीव्ही केबलमधून स्वतःची जी माहिती कळवतो तिच्यावरून, स्वतः ठरवतं, पण या टीव्हीच्या बाबतीत मला ते नको. खाली एनईएसच्या नावाचा वेगळा विभाग: व्हीसिंक ॲडजस्ट 1, एनटीएससीसाठी मोड 8 आणि पालसाठी मोड 9 अशा दोन ओळी. हे आपोआप बदलणं व्हीसिंक ॲडजस्ट 0 असताना चालत नाही, म्हणून 1. आता कोअरमध्ये डेंडी निवडलं की टीव्ही एकदा काळा होतो, 50 वर येतो आणि तिथेच राहतो.

2 लावून बफर का वाचवत नाही, असं कुणी विचारेल. हॉलमध्ये सहा फुटांवरून गप्पा मारत खेळणाऱ्यांसाठी एका-दोन फ्रेमचा उशीर आणि अचानक काळा होणारा पडदा यात निवड करायची, तर मला उशीर चालेल. टीव्हीचा 'गेम मोड' चालू ठेवला की त्याहून मोठा उशीर आपोआप वाचतो. तो प्रत्येक पोर्टला वेगळा चालू करावा लागतो, हे मात्र टीव्हीच्या मेन्यूत पाच पायऱ्या खाली गाडलेलं आहे.

4के का नाही, हेही भावानं विचारलं होतं. बोर्डावरची एचडीएमआय चिप 165 मेगाहर्ट्झपर्यंतची आहे. 4के 60 ला 594 लागतात. पुढचं मोठं करण्याचं काम टीव्हीचं.

1 नोव्हेंबर

मॉनिटर. फ्रीसिंकचा, म्हणजे त्याच्या बदलत्या रिफ्रेशचा, पल्ला 48 ते 75. व्हीआरआर चालू, व्हीसिंक ॲडजस्ट 2. आर-टाइप 55.02 वर एकसंध सरकतो. मॉर्टल कॉम्बॅट 54.7 वर. निओ जिओही. यापलीकडे लिहिण्यासारखं काही नाही, सगळं पहिल्या फटक्यात चाललं. आर्केडचे खेळ इथेच.

2 नोव्हेंबर

माळ्यावरचा 21 इंची ट्यूबचा टीव्ही खाली आणला. दोघांनी उचलावा लागतो. त्याला मागे कंपोनंटची तीन पिनं आहेत. आपल्याकडे युरोपसारखा स्कार्ट हा जोड कधी आला नाही, त्यामुळे जुन्या टीव्हीवर चांगलं चित्र हवं असेल तर ही तीन पिनं शोधायची. यात रंग वेगळ्या तारांतून जातात, त्यामुळे पाल की एनटीएससी हा प्रश्नच उरत नाही. पिवळ्या पिनेतून हेच केलं असतं तर काही कोअरचं चित्र कृष्णधवल आलं असतं.

आयओ बोर्डाच्या व्हीजीए पोर्टातून तीन आरसीएची केबल: हिरवी वायला, निळी पीबीला, लाल पीआरला. सेटिंगमध्ये व्हीजीए मोड 'वायपीबीपीआर', हिरव्यावर सिंक चालू, आणि स्कॅनडबलर (चित्राच्या ओळी दुप्पट करणारा भाग) सक्तीनं लावणारी ओळ 0. ही शेवटची ओळ टीव्ही लावायच्या आधी दोनदा तपासायची. ती 1 राहिली तर 31 किलोहर्ट्झचा सिग्नल 15 च्या टीव्हीत जातो. टीव्ही शिट्टी मारायला लागला तर लगेच बंद करायचा.

इथे 60.0988 आणि 59.98 मध्ये उडी मारताना चित्र किंचित हललं, बस्स. आर-टाइप पण लागला, कारण 284 ओळी गुणिले 55.02 म्हणजे 15.625 किलोहर्ट्झ, पाल टीव्हीचा नेमका आडवा वेग. मॉर्टल कॉम्बॅट 15.81 किलोहर्ट्झ मागतो, तिथे वरचा कोपरा वाकडा झाला. आडव्या होल्डचा स्क्रू मागे आहे, पण झाकण काढून ट्यूबजवळ हात घालायची माझी तयारी नाही. भरलेल्या ट्यूबमध्ये हजारो व्होल्ट असतात. ते काम जुना टीव्ही दुरुस्त करणाऱ्या माणसाचं.

8 नोव्हेंबर

किरकोळ उरलेलं. टीव्हीवर गडद छटा काळ्यात बुडून जात होत्या, आणि पूर्ण पल्ला निवडायची सोय टीव्हीच्या मेन्यूत त्या पोर्टला नाही. हे रंगांच्या आकड्यांच्या पल्ल्याचं भांडण. मिस्टरमध्ये एचडीएमआय लिमिटेड 1 केलं, म्हणजे 0 ते 255 ऐवजी 16 ते 235, आणि टीव्हीतलं 'आपोआप' काढून तेच हातानं बसवलं. मॉनिटरला 0.

चित्र मोठं करणं: 1080 ला 240 नं भागलं तर साडेचार येतात, म्हणून काही ओळी जाड आणि काही बारीक दिसतात. पूर्णांकाचा पर्याय लावला की चारपट, 960 ओळी, वर-खाली काळ्या पट्ट्या. सुपर निन्टेंडोच्या कोअरमध्ये 216 ओळींवर कापण्याची सोय आहे, तिथे पाचपट बरोबर 1080 भरतं. कापलेल्या आठ ओळींत सहसा काही नसतं, पण ज्या खेळांत गुण अगदी वर लिहिलेले असतात तिथे बंद ठेवायचं.

तीन पडद्यांसाठी तीन सेटिंग फाइल केल्या: मुख्य टीव्हीची, पहिली पर्यायी मॉनिटरची, दुसरी ट्यूबची. मेन्यूतूनच बदलता येतात, कार्ड काढावं लागत नाही. तिन्हींची प्रत लॅपटॉपवर, फाइलच्या नावात आजची तारीख घालून.

राहिलं: भावाच्या घरचा टीव्ही 50 घेतो का ते बघायचं, तो त्याच्यासाठीही एक बोर्ड मागतोय. मॉर्टल कॉम्बॅटचा कोपरा. आणि प्लेस्टेशनची कोअर, जी मेन्यूत आणि खेळात 240 आणि 480 ओळींमध्ये सारखी ये-जा करते. टीव्हीवर 0 ठेवून ती चालली पाहिजे, पुढच्या शनिवारी लावून बघते.